अर्ध्या बाटलीचं बूच

गुरुवारी दिवेलागणीनंतर मी दत्ताच्या आरतीला उभी राहिले की नेमका अवधूत भाऊजींचा फोन वाजायचा. माझ्या हातात घंटा, हे टाळ्या वाजवायला बाजूला उभे, आणि भाऊजी फोन कानाला लावून गॅलरीत. मी आरती म्हणत असायचे आणि बाहेरून कानावर यायचं, "नाही नाही, रबराची रिंग बदललीय मी. या वेळी जरा मऊ घातलीय. तुम्ही लावून बघा आणि सांगा."

"देवाच्या वेळेलाच ह्याची बाटली उघडते," हे कापूर विझता विझता म्हणायचे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. गिरगावातल्या या दोन खोल्यांत मी लग्न होऊन आले तेव्हा ते डिप्लोमा करत होते. जेवायला बसले तरी ताटाच्या कडेला बोटाने रेषा ओढत बसायचे. आता त्यांचे केस पिकले. लग्न झालं नाही. आधी सासूबाईंचं अंथरूण, मग भाऊजींची कंपनी बंद पडली, मग दोन स्थळं आली ती 'दोन खोल्या आणि त्यात भाऊ-भावजय' एवढं ऐकून चहा पिऊन गेली. पुढे लोकांनी विचारायचं सोडलं. भाऊजी स्वतः कधी काही बोलले नाहीत. ते बोलणारे नव्हेतच. भाजीत मीठ कमी असलं तर शेजारी बसलेल्याला विचारतील, "तुला मीठ हवंय का?"

लालबागला बाबुरावांचा एक लहानसा कारखाना आहे, तिथे ते डिझाइन करतात. कशाचं, तर बाटल्यांच्या झाकणांचं. पोरांना न उघडणारं औषधाचं झाकण, तेलाची धार न सांडणारं झाकण. आमच्याकडे भाऊजींची पँट धुवायला टाकताना खिसे तपासावे लागतात. नाण्यांऐवजी झाकणं निघतात.

दीडेक वर्षापूर्वी नाशिककडच्या एका वायनरीचं काम बाबुरावांकडे आलं. फसफसणाऱ्या वाइनच्या बाटलीसाठी बूच. माझं तेव्हा गुरुचरित्राचं पारायण चालू होतं. मी म्हटलं, "भाऊजी, रागावू नका, पण दारूच्या बाटलीचं काम तुम्ही करायचं?"

"वहिनी, मी बूच करतो. बूच बंद करायला असतं."

"आणि वैद्यांचं द्राक्षासव तुला चालतं ना दोन वेळा?" ह्यांनी वर्तमानपत्राआडून टाकलं.

मग एके दिवशी भाजी निवडता निवडता भाऊजींनीच मला सगळं समजावून सांगितलं. साधी वाइन बाटलीत गप्प बसते. ही बसत नाही. हिच्यात हवा कोंडलेली असते, मोटारीच्या टायरमध्ये असते त्याच्या तिप्पट जोराची. म्हणून बूच तारेच्या जाळीने आवळून ठेवतात. जाळी काढली की बूच उडतं, फेस येतो, जमलेली माणसं हसतात.

"मग तुम्ही काय करायचं त्यात?"

"ते सगळं झाल्यानंतरचं, वहिनी."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या रोजच्या वहीत लिहून ठेवलं, रामनामाच्या खाली. ही बाटली एकदा उघडली की पुन्हा बंद होत नाही. तिचं मूळ बूच फुगून बसतं, परत आत जात नाही. म्हणून ती चारचौघांतच उघडायची, एका बैठकीत संपवायची. एकट्या माणसाने उघडली तर त्याने पेलाभर घ्यायचं आणि बाकीचं दुसऱ्या दिवशी मोरीत ओतायचं, कारण तोवर त्यातला जीव गेलेला असतो. तर उरलेल्या अर्ध्या बाटलीतला जीव धरून ठेवील असं बूच हवं होतं.

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं?" मी विचारलं.

"तिथल्या प्रयोगशाळेत एक बाई आहेत. प्रितीताई म्हणून. त्यांच्या." आणि भाऊजींनी माझ्यापुढची निवडलेली मेथी पुन्हा निवडायला घेतली.

प्रितीताई एकदाच लालबागला आल्या होत्या. टॉवेलात गुंडाळलेली बाटली मांडीवर घेऊन कारखान्यातल्या स्टुलावर बसल्या, कटिंग चहा घेतला, आणि म्हणाल्या म्हणे, "आमच्याकडे सगळे दहा माणसांचा विचार करून बाटली भरतात. एका माणसाचा कुणी करत नाही." हे वाक्य भाऊजींनी घरी येऊन सांगितलं. पुन्हा काही दिवसांनी, काही संबंध नसताना, सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा हे म्हणाले, "अरे, पाठ झालं आम्हाला."

तेव्हापासून गुरुवारचा फोन. फोनवर नुसतं बोलायचं, तोंड दिसायचं नाही, तरी भाऊजी त्याआधी हातपाय धुऊन, केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. मला वाटायचं आरतीसाठी.

भाऊजींच्या बुचाला आधी दोन पाकळ्या होत्या. बाटलीच्या मानेला जी जाड कडा असते तिच्याखाली त्या जाऊन बसायच्या. पण एका बाजूने हवा सुटायची. ऐन वैशाखात मी लोणच्याच्या बरणीला दादरा बांधत होते, फडकं ताणून वर दोरी, तर भाऊजी मागे येऊन उभे.

"वहिनी, दोरी एवढी सैल?"

"सैल कुठे? सगळीकडून सारखी आहे. एका अंगाने आवळली की दुसऱ्या अंगाने मुंग्या जातात."

ते दोरी बोटाने चाचपून आत गेले. पुढल्या गुरुवारी बाहेरून ऐकू आलं, "तीन पाकळ्या करतोय आता. नाही, माझं डोकं नाही हे, आमच्या वहिनींचं लोणचं."

एकदा भाऊजी अंघोळीला गेलेले आणि फोन लवकर आला. मी उचलला.

"मी प्रिती बोलतेय. तुम्ही वहिनी ना?"

"हो. ते अंघोळीला गेलेत. सांगू का काही?"

"नाही, नाही. लोणचं झालं का मुरून?"

मी चाट पडले. "अहो, तुम्हाला लोणच्याचं कसं ठाऊक?"

"ते सांगतात ना. बुचाचं पाच मिनिटांत संपतं आमचं." मग हसल्या. आवाज चांगला होता, जरा दमलेला. मागून कुणीतरी म्हाताऱ्या माणसाने हाक मारली. "सासरे आहेत. त्यांना जेवू घालून निजवलं की मला वेळ मिळतो. म्हणून या वेळेला फोन करते. तुमची आरती असते ना? घंटा ऐकू येते मला इकडे."

"तुमचे यजमान?"

"ते गेले. बरीच वर्षं झाली. आता मी आणि सासरेच. त्यांना सोडून कुठे जाता येत नाही मला."

भाऊजी पंच्याने डोकं पुसत बाहेर आले तर माझ्या कानाला फोन. इतक्या वर्षांत मी त्यांना लाजताना पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून देवापुढे मागताना मी शंतनूच्या, माझ्या मुलाच्या, नावानंतर ही एक गोष्ट मागू लागले. काय ते देवाला कळतं, लिहीत नाही.

वर्ष उलटलं तरी बूच चालूच. रिंग बदल, स्प्रिंग बदल, खटका बदल. बाबुराव वैतागायचे. हे म्हणायचे, "अवधूत, एवढ्या वेळात लोकांची पोरं चालायला लागतात." भाऊजी म्हणायचे, "दादा, अजून थोडं सुटतंय." सुटत होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

या वर्षी गणपतीच्या आधी बाबुरावांनीच निकराने सांगितलं, शेवटची चाचणी घ्या आणि साच्याला पाठवा. चाचणी अशी, की बाटल्या अर्ध्या ओतून रिकाम्या करायच्या, वर हे बूच लावायचं, थंड ठेवायच्या आणि काही दिवस मुळीच हात लावायचा नाही. मग हवा किती उरली ते बघायचं. एका बुचात त्यासाठी काटा बसवलेला. पण गणपतीत लालबागला पाय ठेवायला जागा नसते. बाबुराव कारखान्याला कुलूप घालून मोकळे. तेव्हा तीन बाटल्या भाऊजींच्या पिशवीतून गिरगावात आल्या.

"घरात नाही," मी म्हटलं. "गणपती बसणार, गौरी येणार. भाऊजी, एवढं मला सांगू नका."

"मी कुठे म्हणतोय घरात?"

वाट काढली ती जाईबाईने. शेजारच्या खोलीतली. ती दर वर्षी गणपतीला कोकणात गावी जाते आणि चावी आमच्याकडे ठेवते. "माझ्या फ्रीजात ठेवा ओ भावजी. रिकामोच आसा. एक नारळाची वाटी आसा ती राहू दे. आणि वयनी, तुळशीक पाणी घाला हां."

"जाईबाई, बाटल्या वाइनच्या आहेत बरं," मी म्हटलं.

"आमचो देव गावाक, माका कसली भीती."

तुळस तिच्या दारासमोर गॅलरीत असते, तेव्हा मला आत जायचं कारण नव्हतं. जाईबाई गेल्यावर भाऊजींनी तिच्या मोरीत अर्ध्या अर्ध्या बाटल्या ओतल्या. सगळ्या गॅलरीत आंबूस गोड वास सुटला. मी उदबत्त्यांचा पुडाच लावला. चव घेऊन बघितली का, असं मी विचारलं तर म्हणाले, "छे. प्रितीताईही तेच विचारतात." मग त्यांनी एकेक बूच खटकन बसवलं, बाटल्या फ्रीजमध्ये उभ्या केल्या आणि कुलूप लावून चावी आमच्या खिळ्याला अडकवली.

त्या गुरुवारी गॅलरीत बोलणं हळू चाललं होतं. मी निरांजन सारखं करत होते. "हो... ठेवल्यात... नाही, या वेळी धरेल असं वाटतं." मग, "हो ना. हे झालं की झालंच मग." फोन ठेवला तरी ते आत आले नाहीत. समोरच्या चाळीतल्या लायटिंगचा लाल-हिरवा उजेड त्यांच्या शर्टावर पडत होता. प्रसाद द्यायला गेले तर हात पुढे केला, पण खायचं विसरले.

गौरी-गणपती सुखरूप झाले. घावन-घाटलं, मोदक, आलं-गेलं, माझ्या पायांचे तुकडे पडले. विसर्जनाला आम्ही सगळे चौपाटीवर गेलो. भाऊजींनी मूर्ती डोक्यावर घेतली, दर वर्षी तेच घेतात. परत येताना पाटावर मूठभर वाळू. घरी येऊन दारात आरती केली, हातावर दही घातलं, आणि भाऊजी म्हणाले, "दादा, चावी दे जरा जाईबाईची."

ह्यांनी चावी दिली आणि सहज म्हणाले, "दिवा लागणार नाही. आधी मेन चालू कर."

भाऊजी थांबले. "मेन?"

"मी बंद केलाय ना. ती गेली त्याच संध्याकाळी. कुलूपबंद घराचा मेन चालू ठेवायचा नसतो, मागे तळमजल्यावर आग लागली होती माहीत आहे ना?"

हे दर वर्षी करतात. जाईबाई गावी गेली की चावी घ्यायची, आत जायचं, मेन खाली ओढायचा, पुन्हा कुलूप. मला ठाऊक होतं, भाऊजींना ठाऊक होतं, आणि तरी आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात ते आलं नव्हतं. आणि बाटल्या तिच्या फ्रीजमध्ये आहेत हे ह्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कशाला सांगितलं असतं? ह्यांनी द्राक्षासव काढलं असतं पुन्हा.

आता सांगावंच लागलं. "अरे मग आधी सांगायचं नाही का!" ह्यांचा चेहरा उतरला. "आता?"

"तुझं काय चुकलं, दादा. मला कळायला हवं होतं."

भाऊजी आणि मी आत गेलो. खोली भट्टीसारखी तापलेली. फ्रीज उघडला तर नारळाच्या वाटीचा वास नाकात गेला. आतली हवाही बाहेरच्याइतकीच गरम. भाऊजी म्हणाले, "वहिनी, मागे व्हा. गरम झाली की ही जास्त जोर करते." मी दाराशी उभी राहिले आणि मनात दत्ताचं नाव घेतलं. खरं सांगायचं तर काय मागावं ते मला कळेना. बूच सुटलं असावं की बसलेलं असावं?

तिन्ही बुचं बसलेली होती. काट्याच्या बाटलीचा काटा भाऊजींनी टॉर्च लावून पाहिला. मग ती बाटली गॅलरीत आणली, कठड्याला टेकून उभे राहिले आणि अंगठ्याने खटका हळूच मागे ओढला. ठो वगैरे काही झालं नाही. कुणीतरी खूप वेळ धरलेला श्वास सोडावा तसा आवाज झाला, लांब. मग आत बारीक बारीक बुडबुडे वर येऊ लागले. येतच राहिले. समोरच्या लायटिंगमध्ये ते लाल व्हायचे, हिरवे व्हायचे.

आम्ही दोघंही बघत राहिलो. एवढी सुंदर वस्तू मी इतके दिवस घरात येऊ दिली नव्हती.

मग मी घसा साफ केला. "भाऊजी, फ्रीज बंद होता. म्हणजे ही चाचणी काही धरायची नाही ना? पुन्हा घ्यावी लागेल. नियमाप्रमाणे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. मला कळतंय हे त्यांना कळलं, आणि क्षणभर, मी शपथेवर सांगते, ते हो म्हणणार होते. पुन्हा बाटल्या येतील, पुन्हा काटा, दिवाळीपर्यंतचे सगळे गुरुवार. त्यांनी बूच पुन्हा बाटलीवर ठेवलं, दाबलं. खट्.

"वहिनी, थंडीत धरायचं होतं, त्याने उकाड्यात धरलंय. धरलेल्याला सुटलं कसं म्हणू?"

पुढल्या गुरुवारी फोन आला तेव्हा मी आरती सुरूच केली नाही. हे माझ्याकडे बघू लागले, मी तोंडावर बोट ठेवलं. बाहेरून सगळं ऐकू आलं. मेन बंद झाल्याचं भाऊजींनी सांगितलं, नारळाच्या वाटीचंसुद्धा. त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं की पलीकडे त्या हसताहेत. मग म्हणाले, "तर, झालं. पास आहे. बाबुराव साच्याला पाठवतील." मग, "नाही, आता तुम्हाला पाठवायचं असं काही राहिलं नाही." त्या काहीतरी सांगत होत्या. भाऊजी कठड्यावरच्या रंगाचा पोपडा नखाने काढत होते. मी देवाला म्हटलं, बोलू दे रे त्यांना. एक वाक्य. निदान मीठ हवंय का एवढं तरी.

"बघू," भाऊजी म्हणाले. "येतो म्हणजे... बघू. सासऱ्यांना सांभाळा."

आत येऊन म्हणाले, "आरती थांबवलीत का माझ्यासाठी?"

"काय म्हणाल्या?"

"द्राक्षांची काढणी सुरू झाली की एकदा या म्हणाल्या. बघायला."

"मग जा की."

"बघू."

त्यानंतर फोन आला नाही. यायचं कारणच उरलं नव्हतं. दोघंही कारणाशिवाय फोन करणाऱ्यांतली नाहीत, त्या तशाच असाव्यात असं मला वाटतं. दिवाळीनंतर बुचं तयार होऊन आली. बाबुरावांनी पहिल्या खेपेतलं एक भाऊजींना दिलं. ते त्यांच्या खिशात असतं, धुवायच्या पँटमधून मीच काढून ठेवते. त्याचा खटका मी दाबून पाहते कधी कधी.

आता मार्गशीर्ष चालू आहे. गुरुवारी मी महालक्ष्मीचा घट मांडते, आंब्याची डहाळी, पाच फळं. फळांत या वेळी द्राक्षं मिळाली, आंबट होती, मोसमाआधीची. भाऊजींनी त्यातलं एक उचलून उजेडात धरलं आणि बराच वेळ बघितलं.

"नाशिकला आता घड भरत आले असतील, नाही का वहिनी?"

"भरले असतील. सकाळी निघालात तर दुपारी पोचाल. शर्ट मी इस्त्री करून ठेवते."

"शर्ट आहे इस्त्रीचा," ते म्हणाले.

आणि होता. अंगावरच होता. हातपाय धुतलेले, केस विंचरलेले, फोन चार्जिंगवरून काढून खिशात. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले, जाईबाईच्या तुळशीपाशी.

हल्ली गुरुवारची पोथी मी उजेड असतानाच वाचून घेते. आरतीही लवकर उरकते. हे विचारतात, "एवढी घाई कसली?" दिवेलागणीनंतरचा तो वेळ मी मोकळा ठेवते, घंटा फडक्यावर आडवी करून ठेवते, म्हणजे चुकूनसुद्धा वाजायची नाही. मग निरांजनाच्या उजेडात बसून राहते. बाहेर भाऊजी उभे असतात, मध्येच खिशातून खटक्याचा आवाज येतो. खट्. थोड्या वेळाने पुन्हा.